गाडी लाईनवर असताना : ड्रायव्हर आणि घरच्यांचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रकवाल्यांच्या तब्येतीवर एक छोटं टिपण आलं होतं, "रोज अर्धा तास चाला, वेळेवर जेवा, ताण घेऊ नका" असं. त्यावर बऱ्याच जणांनी सरळ विचारलंय की मॅडम, चालायचं कुठे, हायवेच्या डिव्हायडरवर का? रास्त प्रश्न आहे. म्हणून या वेळची सगळी जागा लाईनवरच्या लोकांना आणि त्यांच्या घरच्यांना देतेय. माझा दवाखाना हायवेच्या कडेला आहे, गाडी बाहेर चालूच ठेवून गोळी मागायला येणारे पेशंट मला नवे नाहीत. नावं सगळ्यांची काढून टाकलीत.

प्रश्न : माझे मिस्टर केळीची गाडी चालवतात, रावेरहून दिल्ली. वय ४४. मागच्या वर्षी शुगर निघाली, २८० होती. डॉक्टरांनी गोळी दिलीय (ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली). पण एकदा गाडी चालवताना त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरले, डोळ्यापुढे अंधारी आली, तेव्हापासून ते गोळी फक्त घरी असताना घेतात आणि लाईनवर बंद. म्हणजे महिन्यातले वीस दिवस गोळी नाहीच. मी बोलले तर म्हणतात गोळीनेच मरायचं का मग. काय करू?
— रावेर तालुका

उत्तर : ताई, मिस्टरांचं चुकतंय, पण ते खोटं बोलत नाहीयेत हे आधी समजून घ्या. त्यांना जे झालं ते शुगर खाली गेल्याचं लक्षण असणार. त्या गोळीतला ग्लिमेपिराइड हा भाग असा असतो की तो शरीराला इन्सुलिन सोडायला लावतो, तुम्ही जेवलात की नाही हे तो बघत नाही. आता केळीची गाडी म्हणजे हजार-अकराशे किलोमीटर, माल पिकायच्या आत मंडीत पोचला पाहिजे, त्यामुळे सकाळी गोळी घेतली आणि जेवण दुपारी चारला मिळालं असं होणारच, आणि मधल्या वेळात शुगर धाडकन खाली. घरात बसलेल्या माणसाला अशा वेळी चक्कर येते, तो खाटेवर पडतो. स्टिअरिंगवरच्या माणसाचं काय होतं ते मी लिहायला नको.

उपाय गोळी बंद करणं नाही, गोळी बदलून घेणं. पुढच्या खेपेला ते घरी आले की दोघं मिळून डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा की हे ट्रक चालवतात, जेवणाची वेळ पक्की नाही आणि चालवताना असं असं झालंय. ही माहिती बरेचदा डॉक्टरला कुणी देतच नाही, केसपेपरवर धंदा लिहायची जागा कोरी असते. मेटफॉर्मिन एकटं असेल तर सहसा शुगर इतकी खाली जात नाही. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन अशा गोळ्यांनीही एकट्याने तो धोका फार कमी असतो, आणि त्या जनऔषधी केंद्रात परवडतील अशा भावात मिळतात. डापाग्लिफ्लोझिन नावाची एक चांगली गोळी आहे पण ती शुगर लघवीवाटे काढते, म्हणजे लघवीला जास्त वेळा जावं लागतं, पाणी भरपूर प्यावं लागतं आणि अंघोळ रोज हवी नाहीतर जागेवर खाज, बुरशी होते. आता दोन दोन दिवस अंघोळ न मिळणाऱ्या माणसाला हे द्यायचं की नाही हा विचार डॉक्टरने करायचा आहे, पण तुम्ही सांगितलंत तरच तो करेल.

तोवर गाडीत ग्लुकोमीटर, म्हणजे शुगर मोजायचं छोटं मशीन, ठेवायला सांगा. त्याच्या पट्ट्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवल्या की खराब होतात आणि आकडा चुकीचा दाखवतात, त्यामुळे सीटमागच्या बॅगेत ठेवायच्या. स्टार्टर मारायच्या आधी शुगर बघायची, आणि मग दर दोन तासांनी. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं मग निघायचं. चालवताना थरथर, घाम, अचानक चिडचिड, भूक असं काही जाणवलं तर "पुढच्या टोलला बघू" नाही, गाडी सुरक्षित जागी बाजूला, इंजिन बंद, ड्रायव्हर सीटवरून उठून बाजूला बसायचं आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून. बिस्किट, चॉकलेट नंतर, कारण ते हळू चढतं. पंधरा मिनिटांनी परत बघायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. आकडा नीट झाल्यावरसुद्धा पाऊण तास गाडी हलवायची नाही, डोकं ताळ्यावर यायला तेवढा वेळ लागतोच.

ढाब्यावर काय खायचं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, एवढंच सांगते की तंदूर रोटी आणि डाळ मागवली तर वरचा तडका कमी घालायला सांगता येतो, कांदा-काकडी फुकट मिळते ती आधी खायची, आणि त्या दहा वेळच्या चहात साखर किती जाते ती एकदा मोजायला सांगा. अजून एक, तळपाय बधिर झालेत का ते विचारा. शुगर खूप दिवस वाढलेली राहिली की पायाची जाणीव जाते आणि मग ब्रेकवर पाय किती दाबलाय ते कळत नाही, असे पेशंट मी बघितलेत आणि ते स्वतःहून कधीच सांगत नाहीत.

प्रश्न : मी कंटेनर मारतो, न्हावाशेवा ते नागपूर, कधी हैदराबाद. वय ३४. मॅडम पहाटे तीन ते पाच डोळा लागतोच, काही करा. चहा झाला, गुटखा झाला, खिडकी उघडी, गाणी फुल आवाज, डोळ्याला पाणी, एकजण डोळ्याखाली बाम लावतो ते पण केलं. आमच्यातले काही जण गोळी घेतात, काही राजस्थानवाले डोडा घेतात. मी अजून घेतला नाय. यावर काही साधं औषध असेल तर सांगा.
— बीड जिल्हा

उत्तर : दादा, साधं औषध आहे पण ते दुकानात नाही मिळत, झोप. मला माहितेय हे वाचून तुम्ही पान उलटणार, थांबा जरा.

पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाच्या शरीराचं घड्याळ सगळ्यात खाली असतं, तुम्ही दिवसा झोपलेला असलात तरी. दुपारी दोन ते चार दुसरा खड्डा, जरा लहान. आणि झोप कमी पडलेली असली की मेंदू दोन-चार सेकंदांसाठी स्वतःहून बंद पडतो, डोळे उघडे असले तरी. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर, आणि ते ९० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. बाम, पाणी, गाणी यांनी तुम्हाला फक्त वाटतं की मी जागा आहे, मेंदूची उधारी तशीच राहते. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे आले ते आठवत नाही, बोर्ड निघून गेला, गाडी लेनच्या पट्टीवर गेली, असं झालं तर समजायचं की डुलकी येणार नाहीये, आलेली आहे.

मग करायचं काय. डोळे जड झाले की ढाबा किंवा पंपावर गाडी घ्यायची, एक कडक कॉफी किंवा चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटं झोपायचं, मोबाईलवर गजर लावून. कॉफी अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही उठता तेव्हाच ती काम सुरू करते. उठल्यावर लगेच गिअर टाकायचा नाही, खाली उतरून टायर बघा, तोंड धुवा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, कारण अर्धवट झोपेतून उठलेलं डोकं काही वेळ सुस्तच असतं. आणि शोल्डरवर, म्हणजे हायवेच्या कडेच्या पट्टीवर, गाडी लावून झोपू नका दादा, हात जोडून सांगते, मागून येणारा पण तुमच्यासारखाच पेंगत असतो. काही पेट्रोल पंपांवर आता "अपना घर" नावाने ड्रायव्हर लोकांसाठी खाटा, संडास, अंघोळीची जागा, स्वतः रांधायची सोय केलेली आहे, त्याचं मोबाईल अ‍ॅप पण आहे. सगळीकडे नाही, पण तुमच्या रूटवर कुठे आहे ते एकदा बघून ठेवा.

पण ही सगळी मलमपट्टी झाली. वीस मिनिटांची झोप एक-दोन तास काढून देते, रात्र नाही काढून देत. सात तासांची सलग झोप चोवीस तासांत कुठेतरी बसलीच पाहिजे.

आता घोरण्याचं विचारते. क्लीनर किंवा बायको म्हणते का की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबतो? सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, तोंड कोरडं, आठ तास झोपूनही दिवसभर पेंग? मान जाड, पोट सुटलेलं? मग हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रात्रभर श्वास अडकतो म्हणून मेंदू सारखा सारखा जागा होतो आणि माणसाला वाटतं मी तर झोपलो होतो. त्याची तपासणी असते, मशीन असतं, वजन कमी केल्याने फरक पडतो. दारू पिऊन झोपणारे याच्यात अजून खाली जातात, दारूने झोप लवकर लागते पण घोरणं वाढतं आणि झोप तुटते.

सर्दीची गोळी हा एक चोर आहे. मेडिकलवाल्याला "सर्दी झालीय" म्हटलं की तो जी गोळी देतो त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत झोप आणणारं औषध असतं, खोकल्याच्या सिरपमध्येही. काउंटरवर आधी सांगायचं, मी गाडी चालवतो, झोप न येणारी द्या.

डोडा आणि त्या गोळ्या घेतल्या नाहीत ते लाखाचं काम केलंत. डोडा म्हणजे अफूच्या बोंडाचा चुरा, पहिल्यांदा थकवा पळतो, मग तो नसला की अंग मोडतं, जुलाब, उलट्या, आणि तपासणीत सापडला तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली थेट केस. ज्यांना सवय लागलीच आहे त्यांनी एकदम तोडायला जाऊ नये, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट, तिथे जवळचं केंद्र सांगतात.

शेवटी एक, जे तुमच्या हातात नाही ते. मी जेवढ्या कंटेनरवाल्यांशी बोललेय ते सगळे सांगतात की गाडी चालवून कमी दमतो, नंबर लागायची वाट बघून जास्त. गोडाऊनला दिवसभर लायनीत उभं राहायचं, पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची म्हणून झोपता पण येत नाही, आणि संध्याकाळी माल भरला की लगेच "उद्या सकाळी पोचव." त्या दिवसभराच्या उभं राहण्याला कुणी काम धरतच नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला फार तर १० आणि ५४, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहून ठेवलं होतं. साठ वर्षांपूर्वी. आणि पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो लागूच नव्हता, म्हणजे एक-दोन गाड्यांचे मालक सगळे त्याच्या बाहेर. म्हणून पुढचं पत्र मुद्दाम इथेच घेतेय.

प्रश्न : माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, कळंबोलीत, १२ गाड्या. ड्रायव्हर टिकत नाहीत आणि आजारी फार पडतात. गणपतीत त्यांच्यासाठी योग शिबिर ठेवावं असा विचार आहे. बजेट जास्त नाही. अजून काय करता येईल?
— कळंबोली

उत्तर : शेठ, विचार केलात हेच खूप आहे, पण योग शिबिर राहू द्या. गणपतीत ड्रायव्हर घरी जाऊ द्या, तेवढ्याने जास्त फरक पडेल.

पहिलं काम फुकट आहे. "कुठे पोचलास" म्हणून गाडी चालू असताना फोन करणं बंद करा, ऑफिसातल्या सगळ्यांना सांगा, जीपीएस लावलेलंच आहे तर ते बघा. दुसरं पण जवळजवळ फुकट, उशिराचे पैसे ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापणं बंद करा, कारण ते कापलेले चार-पाचशे रुपये वाचवायला तो पहाटे झोप मारून गाडी ओढतो आणि मग एक दिवस तुमची चाळीस लाखाची गाडी घाटात जाते. तिसरं, ज्या पार्टीकडे माल खाली व्हायला दिवस-दिवस लागतो त्यांच्याशी तुम्ही बोला, ड्रायव्हर नाही बोलू शकत. वेळ ठरवून घ्या, थांबायचे पैसे लावा, आणि दिवसभर लायनीत थांबलेल्या ड्रायव्हरला त्या रात्री निघायला सांगू नका. हे एवढं केलंत तर ड्रायव्हर टिकत नाहीत हा प्रश्न पण अर्धा सुटेल असं मला वाटतं, कारण माझ्याकडे येणारे ड्रायव्हर नोकरी सोडायचं कारण सांगतात त्यात पगार दुसऱ्या नंबरला असतो.

मग पैसे असतील तर सीट. गाडीची सीट दबून पत्रा लागायला लागली असेल तर ती बदला, हे लाड नाहीत, कंबर त्याच्यावरच टिकते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकना कारखान्यातूनच एसी केबिन सक्तीची झालीय, त्यामुळे नवी गाडी घ्याल तिच्यात ती असेलच, पण ती चालू ठेवायचं डिझेल ड्रायव्हरच्या हिशोबातून कापू नका म्हणजे झालं. विदर्भात मे महिन्यात इंजिनाच्या बाजूला बसून बघा एकदा.

तपासणीचं म्हणाल तर वर्षातून एकदा बीपी, शुगर, डोळे आणि वजन, एवढंच पण खरंखुरं. लायसनसाठी नमुना १-अ चं मेडिकल सर्टिफिकेट लागतं आणि ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षांनी रिन्यू होतं, पण ते सर्टिफिकेट किती ठिकाणी माणसाला न बघताच मिळतं ते तुम्हाला पण माहितेय आणि मला पण. आणि तपासणीत काही निघालं तर माणसाला कामावरून काढू नका. एकाला काढलंत की उरलेले सगळे पुढच्या वर्षी बीपीची गोळी खाऊन तपासणीला येतील आणि चष्म्याचा बोर्ड पाठ करून येतील.

प्रश्न : रात्री समोरच्या गाडीच्या लाईटला चांदण्यासारखे फाटे फुटतात, पाच सेकंद काही दिसत नाही. वय ४७. हायवेला पिवळे गॉगल मिळतात १५० रुपयाला, ते वापरू का?
— मालेगाव

उत्तर : नका वापरू. पिवळ्या काचेने रात्री आहे तोच उजेड कमी होतो, आणि रस्त्याने चालणारा माणूस उशिरा दिसतो. आधी समोरची काच आतून पुसा, तंबाखू आणि अगरबत्तीच्या धुराचा थर आतल्या बाजूला असतो आणि तो कुणी पुसत नाही. मग डोळे तपासून घ्या, सिव्हिलला किंवा ग्रामीण रुग्णालयात. या वयात नंबर असतो किंवा मोतीबिंदूची सुरुवात असते, शुगरने पडदा खराब झालेला असू शकतो. ट्रकवाल्यांसाठी "राही" नावाचा डोळे तपासणीचा कार्यक्रम ट्रान्सपोर्ट नगरांमध्ये चालतो, तिथे चष्मा पण मिळतो. आणि चष्मा लागला तर घाला. चष्मा घातला की मालक म्हातारा समजतो म्हणून खिशात ठेवणारे मला माहितेत.

प्रश्न : नाव लिहू नका. बाहेर एका ठिकाणी गेलो होतो, निरोध वापरला नव्हता. आता दोन महिने झाले. बायकोजवळ जायला भीती वाटते. टेस्ट केली तर मालकाला कळेल का, नोकरी जाईल का?

उत्तर : बायकोचा विचार मनात आला, तिथून पुढचं सगळं सोपं आहे. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात आयसीटीसी म्हणून खोली असते, तिथे एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. १०९७ हा नंबर आहे, मोफत, मराठीत बोला, जवळचं केंद्र सांगतील. आत्ता एकदा करा आणि त्या प्रसंगाला तीन महिने पूर्ण झाले की परत एकदा, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत लागण झालेली असूनही टेस्टमध्ये दिसत नाही. तोपर्यंत घरी निरोध वापरा. सोबत गुप्तरोगाची पण तपासणी करून घ्या, जखम, पू, लघवीला जळजळ काही असेल तर लपवू नका, त्याला साधी औषधं आहेत.

मालकाला कळणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही आणि त्यावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. आणि समजा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाच, तर औषधं सरकारी केंद्रात फुकट आहेत, रोज घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, गाडी पण चालवतो. पुढे कधी असं घडलं तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा, लागण टाळायचं औषध असतं, जितकं लवकर तितकं चांगलं. त्यानंतर त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : २६ वर्षं झाली गाडीवर. कंबर गेली. आता उजवा पाय पण खालपर्यंत दुखतो. लघवी पण तुंबवायला लागते, मुतखडा दोनदा झाला. पट्टा लावू का?
— सांगली

उत्तर : काका, पट्टा थोडे दिवस ठीक, कायमचा लावला की कमरेचे स्नायू आळशी होतात. मागच्या खिशात पाकीट असेल तर ते आधी काढा, एका बाजूला उंच बसून पायाची नस दबते. सीटच्या खालच्या भागात कमरेला टॉवेलची गुंडाळी. केबिनमधून उडी मारायची नाही, तोंड गाडीकडे करून, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात टेकलेले ठेवून उतरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठ-दहा तास हादरे खाऊन उतरलात की लगेच ताडपत्री ओढायला किंवा हमालांना हात लावायला जायचं नाही. त्या वेळी मणक्यातल्या गाद्या सगळ्यात कच्च्या असतात, बरीचशी "माल उचलताना कट्कन वाजलं" ही केस तिथलीच. दहा मिनिटं गाडीभोवती फिरा, मग हात घाला. पायाची ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर मात्र त्याच दिवशी मोठा दवाखाना, ट्रिप पुरी करून नाही.

लघवीचं म्हणजे दोन्हीकडून मार आहे, थांबायला जागा नाही म्हणून पाणी पीत नाही आणि पाणी पीत नाही म्हणून खडा. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय एवढं साधं माप ठेवा. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध असेल तर ती कधी घ्यायची ते डॉक्टरला विचारा, परस्पर बंद करू नका. बाटलीची लाज वाटून घेऊ नका, पण ती चालत्या गाडीत नको आणि रिकामी खिडकीतून भिरकावू पण नका, मागे मोटारसायकलवाला असतो.

प्रश्न : मी क्लीनर आहे. वस्तादला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, मागच्या महिन्यात खंबाटकी घाटाच्या आधी छातीत जळजळ झाली, घाम, जबडा दुखत होता. त्याने इनो पिला आणि गाडी चालवली. बरा आहे आता. पण परत झालं तर मी काय करायचं?

उत्तर : वस्तादला आधी या आठवड्यात ईसीजी काढायला लाव, "बरा आहे" यावर विश्वास ठेवू नकोस. छातीत दाब किंवा जळजळ, सोबत घाम, जबडा-डावा हात-पाठ दुखणं, हे हार्ट अटॅकचं असू शकतं आणि त्यात पहिला तास सगळ्यात मोलाचा असतो. परत झालं तर गाडी बाजूला, चावी तुझ्या हातात, आणि १०८. नॅशनल हायवेवर १०३३ हा मदतीचा नंबर पण लागतो. त्याला बसवून ठेव, पायी चालायला लावू नकोस, जिना चढवू नकोस. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि १०८ वाल्यांनी सांगितलं तर ३०० किंवा ३२५ ची एक गोळी चावून खायला द्यायची, ती गाडीत आणून ठेव, वीस रुपयाच्या आत येते. तुला लायसन नसेल तर तू गाडी चालवायची नाहीस, कितीही येत असली तरी. वस्तादच्या घरच्यांना सांग की आयुष्मान कार्ड आणि रेशनकार्डाचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा, महाराष्ट्रात महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या दवाखान्यात होतात, आणि आयुष्मान कार्ड बाहेरच्या बहुतेक राज्यांत पण चालतं.

प्रश्न : बाबा घरी आले की कुणाशी बोलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीखाली एक मोटारसायकलवाला आला, चूक त्याची होती, केसमध्ये पण तसंच आलं. पण बाबा तेव्हापासून रात्री ओरडून उठतात आणि दारू वाढलीय. आई म्हणते कामाचा शीण आहे.
— बारावीतली मुलगी, लातूर

उत्तर : शीण नाही गं हा. डोळ्यांसमोर माणूस मेलेला बघितल्यावर मन त्या जागेवर अडकून पडू शकतं, झोपेत तेच दिसतं, अंगावर काटा येतो, आणि दारूने तेवढा वेळ दिसायचं बंद होतं म्हणून माणूस पितो. ट्रकवाल्याला पोलीस स्टेशन, जमाव, मालक सगळे भेटतात, पण "तुला कसं वाटतंय" विचारायला कुणी येत नाही आणि चार दिवसांत परत त्याच रस्त्यावर पाठवतात. याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तू कर, मग त्यांना दे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. "दारू सोडा" पासून सुरुवात करू नका घरात, "झोप लागत नाही ना तुम्हाला बाबा" पासून करा. आणि ते कधी "जगून काय करायचं" असं बोलले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तुझा अभ्यास बुडतोय का याचं पण मला लिही.

प्रश्न : थंडीत काश्मीरला सफरचंद भरायला जातो. रात्री केबिनमध्ये काचा लावून छोट्या सिलिंडरवर भात लावतो आणि शेगडी थोडी चालू ठेवूनच झोपतो, ऊब राहते. कुणीतरी म्हणालं धोका आहे. खरं का?
— जुन्नर

उत्तर : खरं. आजपासून बंद. बंद केबिनमध्ये गॅस किंवा कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला ते पण कळत नाही. इंजिन चालू ठेवून हीटरवर झोपणं पण तसंच, सायलेन्सर गळका असला किंवा बर्फाने तोंड बुजलं की धूर आत येतो. स्वयंपाक खाली उतरून, गाडीच्या आडोशाला, आणि झोपताना दोन रजया, कानटोपी, लोकरीचे मोजे. दोघं असाल तर दोन्ही बाजूच्या काचा बोटभर उघड्या ठेवा.